घोटभर चहा

कामशातने होणाऱ्या विहिणीच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा प्याला दिला, आणि लेकीचं जमत आलेलं लग्न तिथंच लटकलं.

अल्माटीजवळच्या आमच्या तल्गार गावात शेंबड्या पोरालाही कळतं की पाहुण्याला चहा घोटभरच ओतायचा असतो. प्याला रिकामा झाला की सुनेकडे परत येतो, पुन्हा घोटभर होऊन जातो, आणि गप्पा संपेपर्यंत हे चालूच राहतं. ओतणाऱ्या बाईचा हात जितका आखडता, तितका पाहुण्याचा मान मोठा. काठोकाठ प्याला म्हणजे, बाबांनो, प्या आणि वाटेला लागा! या होणाऱ्या विहीणबाई, कुल्पाशबाई, तर मोठ्या घरच्या, चार पोरांची लग्नं केलेल्या. त्यांनी प्याल्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, एक घोट घेतला आणि प्याला खाली ठेवला.

"बरं, निघतो आम्ही. गुरंढोरं खोळंबली असतील," त्या म्हणाल्या.

त्या राहतात अल्माटीत, चौथ्या मजल्यावर. गुरं कसली, घरात साधं मांजर नाही.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. येर्देनने, म्हणजे कामशातच्या नवऱ्याने, दोनदा केला तर उचलला नाही. तोग्झान, ज्या लेकीच्या लग्नाची ही बोलणी, ती दिवसभर फोनजवळ घुटमळली. संध्याकाळी आईजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तुला आल्दियार आवडला नाही का?"

"आवडला की गं. चांगला आहे मुलगा."

"मग मुद्दाम केलंस का तसं?"

"नाही."

"मग सांग ना त्यांना."

"काय सांगू?" कामशात म्हणाली. खरंच काय सांगायचं, ते तिला कळत नव्हतं. किटली उचलायची, ओतायची, ठेवायची, आणि परत उचलायची, एवढंच तर काम. पण त्या दिवशी चौथ्या फेरीला तिला ती किटली दगडाची वाटायला लागली. एकदाच भरून द्यावं आणि सुटावं, एवढंच मनात आलं. पाहुणे जावेत असं नव्हतं तिच्या मनात. तिला स्वतःलाच कुठंतरी जायचं होतं, आणि कुठं ते माहीत नव्हतं.

ही कामशात पूर्वी अशी नव्हती हो. अख्ख्या तल्गारच्या नवऱ्या मुलींच्या गोधड्या तिने शिवल्या. हातात सुई आणि तोंडात गप्पा. हसायला लागली की ते हसू कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत ऐकू जायचं, आणि बसची वाट बघणारे लोक उगाचच हसायला लागायचे. मग एका हिवाळ्यात ते हसू बंद झालं. कोणी मेलं नाही, कोणाशी भांडण नाही, घर जळलं नाही. हीच तर पंचाईत. लोक कारण विचारायचे, आणि द्यायला एकही कारण नव्हतं तिच्याकडे. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, कोणीतरी गेलं असणार. नवऱ्याची गाडी उशिरा आली की अपघातच झाला असणार. आणि हे सगळं नसेल तेव्हा नुसतं राखाडी. खाल्लं तर चव नाही, झोपलं तर झोप नाही.

उपाय काय थोडे झाले? सासूने, झेयनेप अपांनी, हर्मलच्या वाळक्या झुडपाचा धूर करून दृष्ट काढली, इतका धूर केला की शेजारच्या बाल्झियाने आग लागली म्हणून बादली आणली. मोल्ला दुआ म्हणून फुंकर मारून गेला. मेंढीच्या शेपटीची चरबी पाजली. मग दवाखाना. एका गोळीने ती दिवसभर पेंगायची, दुसरीने अंग सुटून कपडे आटायला लागले, तिसरीने निदान रात्री डोळा लागायला लागला. पण उठून सुई हातात धरावी असं काही वाटेना. "आळस गं बाई, दुसरं काय," असं कोणीतरी एकदा लग्नात कुजबुजलं. ते तिने ऐकलं, आणि तिला ते पटलं. ऐकलं त्यापेक्षा पटलं हे वाईट.

प्याल्याचं प्रकरण झालं तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच अल्माटीतल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. तिथं म्हणे डोक्याला चुंबक लावून उपचार करतात.

झेयनेप अपांनी आयुष्यभर ट्रॉलीबस, म्हणजे डोक्यावरच्या विजेच्या तारेवर चालणारी बस, चालवलेली. वीज म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "माझ्या सुनेच्या डोक्यात वीज सोडणार का तुम्ही?"

"वीज नाही हो अपा, चुंबकाचे ठोके," डॉक्टरीणबाई गौहार ओमारोव्ना म्हणाल्या. "डोक्याचा जो भाग सुस्तावलाय, त्याला रोज थोडा थोडा जागा करायचा. भूल नाही, सुई नाही. खुर्चीत जागंच बसायचं."

"आणि बरी होईल?"

"पुष्कळांना फरक पडतो. सगळ्यांना नाही पडत. आणि लगेच तर कोणालाच नाही. काही आठवडे रोज यावं लागेल, गोळी चालूच ठेवायची."

"अशी सरळ बोलणारी बाई मला आवडते," अपा म्हणाल्या. "मोल्ला तर शुक्रवारपर्यंत बरी होईल म्हणाला होता."

कानातली काढून ठेवावी लागतात, धातू चालत नाही. आता अपांच्या घरात सुनेच्या अंगावर चांदी नसेल तर तिच्या हातचं पाणी कोणी पीत नाही. त्यामुळे अपांनी ती कर्णफुलं स्वतःच्या मुठीत घट्ट धरली आणि बाहेर बाकावर बसल्या. आत सुतार पक्ष्याने झाड टोकरावं तसं टकटकटकटक सुरू झालं. कामशातची भुवई आपोआप उडायला लागली. दुखलं थोडं, पण खरं सांगायचं तर तिला गंमतच वाटली. इतक्या दिवसांनी अंगातलं काहीतरी आपण न ढकलता हलत होतं. संपल्यावर अपांनी व्हरांड्यातच तिच्या कानात फुलं अडकवली, आणि मग दोघी बसने घरी आल्या.

रोज सकाळी सासू-सून नटून बसला जातात म्हटल्यावर शेजार गप्प बसेल होय? बाल्झिया फाटकातच उभी. "कुठं हो अपा?"

"दातांच्या डॉक्टरकडे," अपांनी ठोकून दिलं. "सुनेचे दात करतोय."

कामशातला ते टोचलं. पण खरं सांगायची तिचीही छाती नव्हती. डोक्याचा आजार म्हटल्यावर लोक पोरीकडे कसे बघतील? लेकीचं लग्न आधीच टांगलेलं. म्हणून दात तर दात.

दोन आठवड्यांनी बाल्झिया म्हणाली, "अजून दातच? काय, आहेत तरी किती दात तिला?"

"खालचे झाले. आता वरचे घेतलेत," अपा म्हणाल्या आणि डोक्यावरच्या रुमालाआड हसत बसमध्ये चढल्या.

पण कामशातला हसू येत नव्हतं. टकटक रोज व्हायची आणि ती होती तशीच. एके दिवशी परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती म्हणाली, "अपा, पुरे करू या. माझं काही व्हायचं नाही."

"तू गप बस. मला रोज बाजारातून ताजं पनीर मिळतंय तुझ्या निमित्ताने."

"तुमचे गुडघे दुखतात, मला कळत नाही का?"

"माझे गुडघे माझे आहेत. ट्रॉलीबसची दांडी तारेवरून निसटली तर गाडी भंगारात काढायची असते का गं? खाली उतरायचं आणि दांडी परत तारेला लावायची. पहिल्या झटक्यात कधीच लागत नाही." मग हळूच म्हणाल्या, "मी भ्यायलेय, पोरी. तू थांबलीस तर मी काय करू, ते मला ठाऊक नाही."

एवढ्या वर्षांत भीती हा शब्द अपांनी स्वतःसाठी वापरलेला कामशातने ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती परत बसला गेली.

आणि मग तो रश्श्याचा प्रसंग. कामशातचा हात चालेनासा झाला तेव्हापासून स्वयंपाक अपांकडे. त्या दिवशी सगळे जेवायला बसलेले. कामशातने शेवयांच्या रश्श्याचा एक चमचा तोंडात घातला, आणि चमचा आपटला.

"अपा, केवढं हे मीठ! वर्षानुवर्षं खारट रस्सा खातोय आम्ही. माणसं आहोत का मेंढरं?"

येर्देन गार पडला. तोग्झानचा घास तोंडातच राहिला. अपा सुनेकडे बघत राहिल्या. कामशातला स्वतःलाच धक्का बसला. जिभेला मीठ लागलं होतं! चव आली होती, आणि तिच्या पाठोपाठ रागही आला होता.

अपा उठल्या, दार उघडून अंगणात गेल्या आणि ओरडल्या, "बाल्झिया! अगं बाल्झिया! माझी सून मला उलट बोलली!"

"अगं बाई! दात झाले की काय?" पलीकडून आवाज आला.

म्हणजे कामशात बरी झाली का? छे हो. दुसऱ्याच दिवशी ती दुपारपर्यंत अंथरुणातून उठली नाही. पण तिसऱ्या दिवशी उठली, आणि तोग्झानच्या अर्धवट गोधडीचे तुकडे काढून खिडकीशी बसली. टाके वाकडे पडले, तरी पडले. त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "अपा, विहीणबाईंना बोलवा. चहा मी ओतणार."

फोन अपांनी केला, आणि या खेपेला तो उचलला गेला. पण अपांची सवय वाईट. त्यांनी तिथंही तेच सांगून टाकलं की त्या दिवशी सुनेचा दात ठणकत होता, म्हणून हात घाईने गेला, राग मानू नका.

कुल्पाशबाई आल्या त्या गाल धरूनच. बसल्या, साय घातलेल्या दाट चहाचा पहिला घोट घेतला, आणि म्हणाल्या, "विहीणबाई, आधी मला तुमच्या दातवाल्याचा पत्ता द्या. माझी दाढ महिनाभर छळतेय. अपा सांगत होत्या, सगळं तोंड नवं करून दिलंय म्हणे तुमचं. आ करा बघू, काम कसं आहे ते बघते."

झेयनेप अपांच्या घशात बाउर्साकचा तळलेला गोळा अडकला.

कामशातच्या हातात किटली होती. मान हलवून वेळ मारून नेता आली असती. तिने दाराशी उभ्या तोग्झानकडे पाहिलं. मग सांग ना त्यांना, असं पोरगी म्हणाली होती.

"दात माझे जुनेच आहेत," कामशात म्हणाली. "मी डोक्याच्या डॉक्टरकडे जाते. मन बरं नसतं माझं, पुष्कळ वर्षं झाली. गोळ्या झाल्या, आता चुंबक लावतात. त्या दिवशी तुम्हाला घालवायचं नव्हतं हो मला. किटली परत परत उचलायचं बळ नव्हतं, म्हणून एकदाच भरून दिला."

कुल्पाशबाईंनी गालावरचा हात काढला. मग त्यांनी जे विचारायचं तेच विचारलं, कारण सात पिढ्यांची चौकशी केल्याशिवाय आमच्याकडे सोयरीक होत नाही.

"हे रक्तातलं आहे का? म्हणजे, पोरीला?"

"तुमच्याकडे चार पिढ्या टक्कल चालत आलंय," अपा उसळल्या, "आम्ही काढलं का त्याचं नाव?"

"थांबा अपा," कामशात म्हणाली. "असूही शकतं, विहीणबाई. डॉक्टर म्हणाल्या, कधी असतं, कधी नसतं. माझी आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आम्ही तिला आळशी म्हणायचो. मीसुद्धा म्हणायचे." ती कुल्पाशबाईंकडे सरळ बघत म्हणाली, "तोग्झानला झालंच कधी, तर तिला आळशी तेवढं म्हणू नका. तिला माझ्या डॉक्टरीणबाईंकडे न्या."

तोग्झान येऊन आईच्या खांद्याला टेकून बसली. कुल्पाशबाई प्याल्यातल्या तळाच्या चहाकडे बघत होत्या.

"मी घरी जाऊन रडले होते त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आमच्या पोराला टक्कल पडणार म्हणून नापसंत केलंत." मग विचारलं, "आणि आज? आज हात चालतोय का?"

"आज चालतोय. उद्याचं नाही सांगत."

कुल्पाशबाईंनी शेवटचा घोट संपवला आणि प्याला पुढे केला. "मग ओता. आणि हात आखडूनच ओता. मला तारीख ठरवून जायचंय."

ओतला. घोटभर. परत आला, परत घोटभर. तारीख ठरली, मग गोधड्या किती, मग मेंढ्या किती, मग कोणत्या मामाला बोलवायचं नाही, मग दाढेचं पुराण पहिल्यापासून. सूर्य डोंगराआड गेला, चहाच्या पाण्याचा समोवर दुसऱ्यांदा पेटवला, तरी कुल्पाशबाई हलेनात. कामशातचं मनगट भरून आलं होतं. पण हे दुखणं साधंसुधं, सगळ्या सुनांचं असतं तसं.

अपा तिच्याकडे सरकल्या. गुडघा चोळत कानाशी कुजबुजल्या, "माझ्या आई, आता एकदाचा काठोकाठ भर की गं!"

आणि कामशात हसली. आधी नाकातून फुस्स झालं, मग किटली खाली ठेवावी लागली, मग पोट धरावं लागलं. कुल्पाशबाईंना कारण कळलं नाही, तरी त्याही दाढ धरून हसायला लागल्या. येर्देन चुलीपाशी पाठ करून उभा राहिला. अपांनी डोळ्यांना रुमालाचं टोक लावलं आणि उगाच धुराला शिव्या घातल्या, समोवरचा धूर कधीच विरला होता.

कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर बाल्झिया भाजीची पिशवी घेऊन नुकतीच उतरली होती. ती थांबली, ऐकलं, आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "काही म्हणा, दात मात्र झकास बसवलेत."