साहेबांच्या टेबलावर गावचे फोन

लग्नानंतर मी चिमूरकडच्या गावात आले. चंद्रपुरात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता, आणि पुढे ऊर्जानगरच्या मामांनी त्यांचा जुना कॉम्प्युटर मला दिला. तो मी घराच्या पुढच्या खोलीत मांडला. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतूनच यायचं. बारावीचा निकाल पाहायला आमच्या पोरी बस धरून चिमूर गाठायच्या. ते काम गावातच व्हावं, एवढीच माझी जिद्द.

पण तार यायची जंगलातून. वारा सुटला की फांदी पडायची आणि फोन मुका व्हायचा. लागलाच तर मोडेम किंचाळायचा, पान अर्धं उघडायचं, लाइन तुटायची. बिलात मात्र कधी खंड पडला नाही.

मी टेलिफोन ऑफिसात तक्रारी करत राहिले. एक दिवस तिथले साहेब हसून म्हणाले, "मॅडम, जंगलात इंटरनेट कोणाला पाहिजे?"

"मला पाहिजे. आणि इंटरनेट सोडा, साधं बोलताही येत नाही."

"मग बंद करून टाका फोन."

संतापानं मला घरी जाववेना. मी सरळ गावातली मासेमार सोसायटी चालवणाऱ्या मावशीकडे गेले. तलावातल्या मासोळीचा सौदा ती व्यापाऱ्याशी फोनवर करायची. फोन बंद असला की माल पडून सडायचा. साहेबांचं बोलणं ऐकून ती जाळं बाजूला ठेवत म्हणाली, "बंद करा म्हणते? मंग त्याईचे फोनचे डब्बे त्याईलेच नेऊन देऊ. साऱ्या गावाचे."

सासरे घाबरले. "सरकारी वस्तू आहे, केस होईन. तू नको जाऊ." मी त्यांच्यासमोरच आमचा फोन काढून पिशवीत घातला. पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

ज्यांच्याकडे फोन होता ते बहुतेक सगळे निघाले. ऑफिसात आम्ही साहेबांच्या टेबलावर एकेक फोन ठेवत गेलो. फायली झाकल्या गेल्या, वायरी खाली लोंबू लागल्या.

"हे काय करून राहिले तुम्ही लोकं?" साहेब उठूनच उभे राहिले.

"तुमचा सामान आहे, साहेब," मावशी म्हणाली. "आमच्या गावाले फोन देता येत नाई, असं लिहून द्या. आमी जातो."

"पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा," मी म्हटलं. "त्यांच्यासमोर लिहून द्या."

ते काही लिहीनात, आम्ही काही तिथून हललो नाही. मावशीनं तिथंच फरशीवर भाकरीचं गाठोडं सोडलं. आमचं जेवण उरकायच्या आत साहेबांनी लाइनमनला बोलावून तार बदलायला सांगितलं. आम्ही आपापले फोन उचलून घरी आलो. त्याच आठवड्यात आमच्या गावाकडची कुजलेली तार बदलली गेली.

इंटरनेट तरीही मुंगीच्याच चालीनं यायचं, पण यायचं. निकालाच्या दिवशी पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एकेकीचा नंबर टाकत गेले. मावशीची पुतणी नापास झाली होती. पोरीनं डोळे पुसले आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म कधी निघते, ते दिसते काय याच्यात?"

"दिसते," मी म्हटलं. तेवढ्यात लाइन तुटली. मी परत नंबर लावला.