बंडप्पाचं थर्माकोलचं शिवार

लोहाऱ्याच्या बंडप्पानं जन्मात एकदाही पेरणी केली नव्हती, तरी तालुक्यातल्या निम्म्या शाळांची शेती त्याच्याच हातची होती. बापानं मागं ठेवलेली एकरभर जमीन त्यानं बटईनं दिलेली. तिच्यात यंदा तूर उभी आहे की हरभरा, हे विचारलं तर तो बायकोकडं बघायचा. पण थर्माकोलच्या तुकड्यावर शेततळं, ठिबक, सौरपंप आणि हिरव्या भुशाचा ऊस उभा करायला त्याला दोन दिवस पुरत.

पूर्वी तो गणपतीची मखरं करायचा. मग थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली. बंडप्पा महिनाभर डोक्याला हात लावून बसला आणि मग त्याच्या ध्यानात आलं की बंदी देवाला आहे, विज्ञानाला नाही. तेव्हापासून डिसेंबर उजाडला, शाळांच्या कृषी विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले, की आठवी-नववीच्या पोरांचे बाप त्याच्या दुकानाशी मोटारसायकली लावायला लागले. पोरं मागं बसून मोबाईल बघत. प्रयोग कशाचा करायचा हे बाप ठरवत, करायचा बंडप्पा, आणि पोरानं करायचं काय तर पाठांतर.

या सगळ्यांविषयी बंडप्पाच्या मनात फक्त तुच्छता होती, आणि ती तो लपवतही नसे. बापांना तो येडे म्हणायचा, मास्तरांना फुकटे. परीक्षकांविषयी तर त्याचा सिद्धांतच होता. "परीक्षक बटण दाबतो," तो सांगायचा. "पाणी फिरलं, लाइट लागला की पहिला नंबर. बटण न्हाय तर नंबर न्हाय." दरवर्षी हे खरं ठरायचं आणि दरवर्षी त्याची छाती आणखी फुगायची. खोट्याच्या बाजारात आपण एकटेच डोळे उघडे ठेवून बसलोय, असं त्याला वाटे. त्या बाजारातलं सगळ्यात मोठं दुकान आपलंच आहे, हे मात्र त्याला कधी दिसलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ते असं.

यंदा त्याच्याकडं माकणीचा कुलदीप आला होता. म्हणजे आला होता त्याचा बाप, कुलदीप जीपमध्येच बसून होता. धरणाखाली यांची चाळीस एकर जमीन, सगळ्या उसाला खरंखुरं ठिबक. नळ्या रानात घरच्या पसरलेल्या, आणि हा माणूस ठिबकची प्रतिकृती विकत घ्यायला लोहाऱ्यात आलेला. पोराला एक दिवस रानात नेऊन उभं केलं असतं तरी झालं असतं, पण रानात चिखल असतो. बंडप्पानं त्याला वाकून नमस्कार केला, चहा पाजला, आणि जीप वळल्यावर थुंकला.

तर अशा या माणसाची लेक शिवलीला. आठवीत, हायस्कुलात नुकतीच गेलेली. प्रदर्शनात तिनंही नाव दिलं होतं आणि बापाला काही सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी ती आईकडं, शिवम्माकडं, जुनं गोणपाट मागत होती, तेव्हा बंडप्पाला कळलं.

प्रयोग साधा होता. सोयाबीनचं घरचं बियाणं पेरायला चांगलं आहे का, हे बघायचं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहाच्या ओळीनं मांडायचे, वर दुसरं गोणपाट घालून गुंडाळी करायची, ओल धरून ठेवायची आणि आठवड्याभरानं उलगडून उगवलेले मोजायचे. शेजारच्या तुळजाबाईंच्या अंगणात कृषी सहायकानं हे एकदा करून दाखवलं होतं, तेव्हापासून ते शिवलीलाच्या डोक्यात बसलं होतं. तिनं तीन घरांचं बियाणं आणलं. एक काठीनं बडवलेलं, एक मळणीचं मशीन सावकाश चालवून काढलेलं, आणि तिसरं तुळजाबाईंचं. त्यांच्या पुतण्यानं घाईत मशीन जोरात पळवलं होतं आणि पोती ट्रॉलीवरून धाडधाड खाली टाकली होती. सोयाबीनचा दाणा नाजूक. बाहेरून टपोरा दिसला तरी आतून मार खाल्लेला असू शकतो. तो किती खाल्लाय हे पोरीला बघायचं होतं.

बंडप्पा पोट धरून हसला. मग त्यानं तिला समजावलं की असलं घाणेरडं गोणपाट घेऊन बंडप्पाची लेक प्रदर्शनात गेली तर लोक त्याच्या तोंडात शेण घालतील. तिच्यासाठी तो मोटर लावून फिरणारं रान करून देईल, तालुक्यात कुणी बघितलं नसेल असं. शिवलीला नको म्हणाली. तिला जिल्ह्याला, धाराशिवला जायचं होतं, आणि स्वतःच्या प्रयोगावर जायचं होतं.

आजवर गिऱ्हाईकानं त्याला नाही म्हटलं नव्हतं. पहिलं नाही घरातून आलं, ते त्याला झोंबलं. वर त्याला लेकीची कीवही आली. या पोरीला जग कळत नाही, असं त्यानं शिवम्माला ऐकवलं. शिवम्मा म्हणाली, न कळू दे.

थंडीचे दिवस, कोंब लवकर फुटेनात. शिवलीलानं गुंडाळ्या पाणी तापवायच्या चुलीच्या उबेला ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ ती पाणी शिंपडायची. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिनं उलगडून मोजलं. पहिल्यात नव्वदच्या वर, दुसऱ्यात ऐंशीच्या वर. तुळजाबाईंच्या दाण्यांतले बेचाळीस उगवले होते, बाकी फुगून कुजले होते. तिनं आकडे तक्त्यावर घातले, गुंडाळ्या तशाच बांधल्या आणि शिवम्माला म्हणाली की तुळजाबाईंना आधी सांगायला पाहिजे, नाहीतर जूनमध्ये त्या हेच बी पेरतील आणि निम्मं रान रिकामं राहील. ती एवढी खूश होती की रात्री जेवणाकडंही तिचं लक्ष नव्हतं.

सकाळी ती वेणी घालून घ्यायला तुळजाबाईंकडं गेली आणि बंडप्पानं सहज म्हणून गुंडाळ्या उघडल्या. दोन भरगच्च. तिसरीत टक्कल, मध्येमध्ये काळपट, चिकट दाणे, वास मारणारे. त्याला बघवेना. मखराची एक बाजू उघडी राहिली तर जसा जीव खालीवर होई, तसा त्याचा झाला. हे घेऊन जाणार पोर? लोकांपुढं कुजकी सोयाबीन उलगडणार?

आणि इथंच त्या हुशार माणसानं हात दाखवून अवलक्षण केलं. मोती चिकटवायचा चिमटा त्यानं आणला. कुजके दाणे एकेक करून उचलले, मोरीत टाकले. भरलेल्या दोन गुंडाळ्यांतले कोंब हलक्या हातानं काढले आणि तिसरीत लावले. कुठं दाटी नको, कुठं फट नको, असे तिन्ही गोणपाटांवर सारखे पसरले. वरून पाण्याचा फवारा मारला. काम सुबक झालं होतं, त्याच्या हाताला तेवढं येतच होतं. तक्ता शेजारीच होता. तो त्यानं वाचला नाही. तक्ते कुणी वाचतं असा त्याचा अनुभव नव्हता. लेकीवरच्या मायेनं आपण हे करतोय असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळेही ओलावले. गुंडाळ्या होत्या तशा बांधून तो आंघोळीला गेला.

प्रदर्शन लोहाऱ्यातल्याच एका हायस्कुलात होतं. पाहुणे उशिरा आले. त्यांनी शेतकरी जगाचा पोशिंदा असल्याचं सांगितलं. आपण लहानपणी किती शेण काढलं तेही सांगितलं. एवढं झाल्यावर ते जेवायला गेले. सभागृहात मांडलेल्या प्रतिकृतींपैकी सात बंडप्पाच्या होत्या. सातही पोरांच्या मागं बाप उभे, आणि बापांच्या मागं बंडप्पा.

परीक्षक भागवत साहेब कृषी खात्यातून निवृत्त झालेले. ते कुलदीपपाशी आले. बटण दाबलं. पाणी फिरलं, सौरपंपाचा दिवा लागला. ठिबकनं किती पाणी वाचतं, असं त्यांनी विचारलं. कुलदीपनं डोळे मिटून अख्खा परिच्छेद म्हटला. मागं बंडप्पाचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. साहेबांनी गुण लिहिले. तुमच्या रानात कोणता ऊस आहे, असं त्यांनी जाता जाता विचारलं, तर कुलदीपनं बापाकडं बघितलं. साहेब हसून पुढं गेले. गुण लिहून झाले होते.

शिवलीलाचं टेबल शेवटी, दाराजवळ. तिथं बटण नव्हतं. पण पोर बोलायला लागली आणि साहेब थांबले. पाठ केलेलं नव्हतं, अडखळत होती, पण दाणा आतून कसा फुटतो हे सांगताना तिचे हात चालत होते. साहेबांनी खुर्ची ओढली आणि बसले. दिवसभरात ते पहिल्यांदाच बसले होते. बंडप्पा दाराशी उभा राहून बघत होता आणि त्याचा विश्वास बसेना. बटण नसताना परीक्षक बसलाय.

"तिसऱ्यात बेचाळीसच आलेत म्हणतीस," साहेब म्हणाले. "दाखव बरं."

शिवलीलानं दोरी सोडली, गोणपाट उलगडलं, आणि तिचे हात जागच्या जागी राहिले. कोंबच कोंब. हिरवंपिवळं, एकसारखं, ओळी नसलेलं. साहेबांनी स्वतः उरलेल्या दोन उलगडल्या. तिन्ही सारख्या. त्यांनी तक्त्याकडं बघितलं, गोणपाटाकडं बघितलं. कुजलेले दाणे कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. शिवलीलानं मान वर केली आणि थेट दाराकडं बघितलं. तिला कळलं होतं. एवढं सुबक काम लोहाऱ्यात एकाच माणसाचं.

"मला सांगता येत न्हाय, सर," ती म्हणाली.

साहेब उठले. आकडे घरात बसून लिहायचे आणि प्रयोग दुसराच आणायचा, ही सवय चांगली नाही, एवढं बोलून ते वळले. बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तुच्छता होती. बंडप्पाला ती ओळखीची वाटली, कारण ती त्याच्याच चेहऱ्यावर वर्षानुवर्षं असायची. आज ती त्याच्या लेकीच्या वाट्याला आली होती.

तो पुढं झाला. त्याच्या हिशेबी हे फार मोठं धाडस होतं.

"साहेब, म्या हलवलंय ते. पोरीचं खरं हाय. दाणे मोरीत टाकलेत म्या."

साहेबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे पालकांनी हात लावला."

"व्हय. पर तिला ठाऊक न्हाय."

"नियम आहे," साहेब म्हणाले. "पालकांनी केलेला प्रयोग बाद." आणि त्यांनी शिवलीलाच्या नावावर आडवी रेघ ओढली. एवढ्या बटणांच्या सभागृहात हा नियम त्यांना त्या एकाच टेबलापाशी आठवला. बंडप्पानं तोंड उघडलं. सात टेबलं त्याच्या डोळ्यांपुढं होती आणि सात बाप त्याच्याकडं बघत होते. त्यानं तोंड मिटलं.

पहिला नंबर कुलदीपचा आला. त्याच्या बापानं गर्दीतून वाट काढत येऊन बंडप्पाच्या तोंडात पेढा कोंबला आणि जिल्ह्यासाठी याहून मोठं करायचं म्हणून पाठीवर थाप मारली. शिवलीला गोणपाट गुंडाळत होती. तिनं ते बघितलं. बंडप्पाला पेढा गिळवेना आणि थुंकायचीही सोय नव्हती. तो तसाच उभा राहिला, गाल फुगवून, आणि त्याला स्वतःची किळस आली.

घरी जाताना ती दोन पावलं पुढं चालत होती. गुंडाळ्या तिनं त्याला धरू दिल्या नाहीत. तहसीलपाशी त्यानंच विषय काढला. आपण सगळ्यांदेखत कबूल केलं की नाही, असा बाप कुणाचा असतो, असं तो बोलायला लागला.

शिवलीला थांबली. "अप्पा, तुम्ही माझंच तेवढं का सांगितलं? कुलदीपचं का न्हाय?"

"ते धंद्याचं हाय," बंडप्पा म्हणाला.

तिनं मान हलवली. तिला ते कळलं, आणि ते कळलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. बंडप्पानं नजर वळवली.

घरी आल्यावर तिनं तुळजाबाईंकडून पसाभर सोयाबीन पुन्हा मागून आणलं. शंभर दाणे मोजले, गोणपाट भिजवलं, दहाच्या ओळी मांडल्या. आता ना प्रदर्शन होतं ना नंबर, तुळजाबाईंना खात्रीनं सांगता यावं एवढंच होतं. बंडप्पा घरापुढच्या दुकानाच्या फळीवर कुलदीपच्या मोठ्या मॉडेलसाठी थर्माकोल कापत होता. त्यानं न राहवून सांगितलं की चुलीपाशी जागा केलीय, तिथं ठेव, ऊब आहे.

शिवलीलानं गुंडाळी उचलली आणि ती त्याच्यासमोरून घेऊन तुळजाबाईंच्या घरी ठेवून आली.