नावाड्याला दिलेली तलवार

आमच्या घराण्याची तलवार मी एका नावाड्याला देऊन टाकली, तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो आणि पोट बिघडल्याची रजा काढून घरी बसलो होतो. पोट उत्तम होतं. हे दोन्ही गुन्हे मी बारा वर्षं पोटात ठेवले. आता सांगून टाकतो, कारण लपवायलाही अंगात जोर लागतो आणि तो संपला आहे.

तलवार कॉम्प्युटरमधली होती, हे आधीच सांगतो. (नाहीतर वाटा मागायला चुलत घराणं बडोद्यात हजर व्हायचं!)

वाघोडियाच्या एका कारखान्यात मी नकाशे काढायचो. साहेब म्हणाले, "कॉम्प्युटर शिका, नाहीतर घरी बसा." म्हणून हप्त्यांवर कॉम्प्युटर आणला. दुकानदाराने वर एक खेळाची सीडी फुकट दिली. चौथ्या दिवशी कॉम्प्युटर माझा राहिला नाही. आमचे वडील, आबा, सरकारी दफ्तरातून निवृत्त होऊन घरात येरझारा घालत होते; ते त्याच्यासमोर बसले ते उठलेच नाहीत.

खेळ असा: एक राजपुत्र, त्याचं चेटकिणीने गिळलेलं राज्य, ओझं वाहायला एक गाढव आणि कमरेला आजोबांची तलवार. आबांना आणखी काय हवं? आमचे पूर्वज संस्थानच्या पागेत होते. खरी तलवार घरातून कधी आणि कशी गेली, यावर घरात कुणी बोलत नाही. दसऱ्याला आम्ही पाना आणि पक्कड पुजतो.

"शुभा, इकडे ये! गवत बघ कसं हलतंय," आबा माझ्या बायकोला हाक मारत. "कमाटीबागेतलं गवत असं कधी हललंय?"

"आबा, कुकर लावलाय."

"लाव, लाव. इथे वाराही फुकट आहे."

गवत, आभाळ, झाडांतून उतरणारं ऊन, याला आबांनी पैकीच्या पैकी गुण दिले. दोष काढताना मात्र त्यांनी हात आखडला नाही. "ड्रॅगनला उभा चिरतो, पण गुडघ्याएवढं कुंपण ओलांडता येत नाही! असला राजपुत्र आमच्या पागेत घोड्याला चंदी द्यायलाही ठेवला नसता." खेळ साठवायला जागा एकच, नवीन साठवलं की जुनं गेलं. गाढवाबद्दल मत चांगलं होतं. "काहीही लादा, तक्रार नाही. फक्त दारात अडकतं. मागून ढकलावं लागतं."

मग नदी आली. नदीवर नावाडी. घोगऱ्या इंग्रजीत तो म्हणे, आजोबांची तलवार दे, पलीकडे सोडतो. पूल नाही, उतार नाही, काही नाही.

"नाही देत," आबा म्हणाले.

नावाड्याने वीस सेकंदांनी पुन्हा मागितली. आबांनी पुन्हा नाही म्हटलं. हे दोन महिने चाललं! सकाळी दात घासताना नावाडी, जेवताना नावाडी. शुभाची फोडणी त्याच्या तालावर पडायला लागली. शेवटी रोजच्या त्याच बोलण्याला कंटाळून शेजारच्या कोकिलाबेन 'देऊन टाका' सांगायला आल्या. "काका, आपी दो ने ए भाईने! रोज एक ज वात!"

"कोकिलाबेन," आबा छाती काढून म्हणाले, "खानदानी तलवार छे. तपेली नथी."

दसऱ्याला पाना-पक्कड बाजूला सरले. पडद्यावर तलवार मोठी करून आबांनी कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. कीबोर्डमध्ये इतकी हळद गेली, की त्यानंतर माझ्या प्रत्येक नकाशात भिंत दोनदा उमटायची. पण नमस्कार करून उठताना आबांचे डोळे भरले होते. ते मी पाहिलं. पाहिलं, आणि तरीही पुढचं केलं.

दीड महिन्याने आबा, शुभा सगळे करजणला एका लग्नाला गेले. मी पोट धरून मागे राहिलो. घरात मी आणि नावाडी. खरं सांगतो, मला फक्त पलीकडे काय आहे ते बघायचं होतं. बघून परत यायचं, कुणाला कळणार नाही. बटण दाबलं. राजपुत्राने तलवार सोडून दिली, नाव निघाली, संगीत वाजलं. पलीकडे काय होतं? आणखी एक नदी! तिच्यावर दुसरा नावाडी! आणि काठाला पाय लागताच खेळाने स्वतःहून सगळं साठवून टाकलं. जागा एकच. जुनं गेलं.

संध्याकाळी आबा फेटा न काढताच कॉम्प्युटरपुढे बसले. चष्मा लावून पडद्यावर वाकले. मग हळूच म्हणाले, "सुध्या, तलवार नाही रे. मीच देऊन बसलो काय कधी? माझ्या लक्षात कसं नाही?"

तेव्हा खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी दोनच शब्द बोललो. "असेल, आबा."

त्या दोन शब्दांनी पुढची बारा वर्षं खाल्ली. आबांनी जाहीर केलं की त्यांचं डोकं कामातून गेलंय. कॉम्प्युटर बंद झाला. ब्राह्मी सुरू झाली. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं.

"काका, आजे कयो वार?" डॉक्टरांनी विचारलं.

"मंगळवार. आणि तुमचं कॅलेंडर गेल्या महिन्याचं आहे."

डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. आबा म्हणाले, डॉक्टरला कळत नाही. कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात आल्या. "माझा भरवसा नाही रे बाबा. गॅसचा नंबर तूच लाव." लाइटबिलाची रांग माझी. भाजी, दळण, गावाच्या पार टोकाला, हरणीला राहणाऱ्या आत्याला दर रविवारी भेटून तिची गाऱ्हाणी ऐकणं, सगळं माझं. कुठलंही काम नाकारायला तोंड उघडलं, की आबा कपाळाला बोट लावून खिन्न हसत. मी पिशवी उचलत असे. केसांपाठोपाठ कंबरही गेली.

परवा भर उन्हात पंधरा किलोंचा दळणाचा डबा घेऊन तीन मजले चढलो. आबा झोपाळ्यावर सेव-उसळ खात होते. वय चौऱ्याऐंशी, चेहरा तुकतुकीत. मी डब्यावरच बसलो आणि तोंडातून निघून गेलं.

"आबा, ती तलवार मी दिली होती."

आबांनी घास चावून संपवला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी कळलं. पडद्याच्या कोपऱ्यात खेळ कधी साठवला ते लिहिलं होतं, त्याच दिवसाची तारीख, दुपारी तीन दहा. तीन दहाला मी करजणला जिलबी खात होतो. तीस वर्षं दफ्तर सांभाळलंय मी. वेळ आधी बघतो, मजकूर नंतर."

"मग मला विचारलंत ते?"

"तू काय म्हणतोस ते बघत होतो. आठवडाभर वाट पाहिली तुझ्या तोंडची. मग म्हटलं, बोलत नाही तर नाही, निदान दळण तरी आणेल."

"बारा वर्षं, आबा?"

"पहिलं वर्ष राग होता." त्यांनी रस्सा ओढला. "नंतर सवय झाली."

"आणि ब्राह्मी?"

"ती कडू होती. तिथे माझं चुकलं."

बारा वर्षांचं ओझं उतरल्यावर हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. डबा होता तेवढाच जड होता. तो छातीशी धरून मी स्वयंपाकघराकडे निघालो आणि चौकटीत दोन्ही कोपरं अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

"शुभा," मागून आबांचा आवाज आला, "जरा ढकल गं त्याला. बाकी तक्रारीला जागा नाही."