जर्मन बापाची घागर

अक्काला मी एकदाच भेटलो, धुळ्याकडच्या एका खेड्यात, ऐंशीच्या दशकातल्या एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. पन्नाशीची बाई. बोलताना पदर पार भुवयांपर्यंत ओढायची, कारण तिचे निळे डोळे बघून माणसं थबकत.

तिचा बाप जर्मन इंजिनियर. जिनिंगची यंत्रं बसवायला आला, इथल्याच बाईशी लग्न करून राहिला. महायुद्ध पेटल्यावर इंग्रजांनी त्याला पकडून नेलं. पुढे काहीच कळेना, तेव्हा आईने कुंकू पुसलं. दर आखाजीला, गेलेल्या माणसासाठी भरतात तशी, त्याच्या नावाने पाण्याची घागर आधी आई भरायची, मग अक्का. त्या दिवशीही ती भरलेली होती, वर खरबूज ठेवून.

माझ्यासोबत त्याची जर्मनीतली नात होती. घराण्याचे जुने कागद धुंडाळत ती इथवर पोचली होती, आणि मी तिचा दुभाषा.

"आजोबा गेल्या हिवाळ्यात वारले," ती म्हणाली. मी ते तसंच सांगून टाकलं.

अक्काचा पदर घसरला. तिने तो सावरला नाही.

"लढाईमा नही मरना?"

"नाही अक्का. सुटून घरी गेले. तिकडे दुसरा संसार केला."

"मंग इतला सालं जित्ता मानूसनी घागर भरी मी?"

तिने खरबूज उचलून खाली ठेवलं, आणि एकदम मान वर केली.

"मनी माय दहा साल पहिले मरनी. तव्हय तो जित्ता व्हता?"

"होता."

ती उठली. कुंकवाचा करंडा आणून भिंतीवरच्या आईच्या फोटोला, त्या रिकाम्या कपाळावर, तिने बोट टेकवलं.

"माय वं," ती म्हणाली, "तू सवाशीन गई."