बेगमचा हीटर

पेडगावात मी न सांगितलेली गोष्ट सापडणं मुश्कील. न घडलेल्यासुद्धा मी सांगून मोकळा झालोय. घडलेली एकच पोटात राहिली — ही. बायकोला ठाऊक नाही, मायला नाही. तुम्ही जवळ बसलात म्हणून —

आधी थंडीचं सांगतो. आमच्याकडं कोंबडा आरवण्याआधी चुलीपाशी घसा शेकून घेतो. म्हशीचं दूध चरवीत पडेपर्यंत दही होतं. अशा थंडीत माझ्या अंगणातली शेकोटी म्हणजे दरबार. अर्धी गल्ली भोवती, माय शेजारी, आणि बोलणारा मी एकटा. धाकटा भाऊ ज्ञानोबा त्यात नसायचाच. दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचा, तो उन्हाळ्यात परतायचा.

एका वर्षी मात्र तो गेला नाही. मानवतच्या भंगारवाल्याकडून त्यानं एक विजेचा हीटर उचलून आणला — हैदराबादेतल्या कुण्या जुन्या घरातला. गंजलेली जाळी, काळा पडलेला पितळी पत्रा, कापड गुंडाळलेली कुजकी वायर.

"ह्याच्यात अंडी उबवायचीत का रे?" मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला, आणि कामाला लागला. चिंच लावून पत्रा घासला. चिनी मातीच्या दांड्यावर नवी कॉइल गुंडाळली. वायर बदलली. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, सळई ठोकली आणि हीटरच्या पत्र्यापासून आणलेली हिरवी वायर तिला नटानं आवळली.

"जुनं यंत्र हाय दादा. अंगावर थोडा करंट उतरतोच. ह्या वायरीनं तो जमिनीत जातो. ही हाय तवर भेव न्हाई."

ज्ञानोबाच्या खोलीत हीटर पेटला. पितळात सूर्य उगवला म्हणा ना. दुसऱ्या दिवशी माझ्या शेकोटीपाशी मी आणि कुत्रं, आणि थोड्या वेळानं कुत्रंही उठून तिकडं गेलं. माय त्याच्या खोलीत बसायला लागली. "ज्ञानोबाच्या हाताला गुण हाय," म्हणायची. तुळशीला घालून उरलेलं पाणी रोज त्या खड्ड्याला घालायची, ओल राहावी म्हणून. लोक पंखे, मिक्सर घेऊन त्याच्या दारात यायला लागले.

"आता कोयता बंद दादा," एकदा तो म्हणाला. "मानवतला टपरी टाकतो."

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी तर त्या खड्ड्याचासुद्धा हेवा करत होतो.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी — नट काढला नाही. नुसता ढिला केला, वायर सळईपासून सुटेल इतका. वरून माती सारली. जराशी चुणचुण बसावी, चारचौघांत त्याचं हसं व्हावं, एवढंच मनात होतं. कुणाला बसेल, ह्याचा विचार केला नव्हता का? खरं सांगतो — केला होता.

संध्याकाळी माय चहाचं उकळतं पातेलं घेऊन आली, आणि मोकळ्या हातानं हीटर जवळ ओढायला गेली. झटका बसला. पातेलं मांडीवर आलं. कातडी सोलून निघाली.

ज्ञानोबानं खड्डा उकरला. ढिला नट बघत बसला. "माझ्याच हातनं आवळायचा राहिला," म्हणाला. मी शेजारीच उभा होतो. आयुष्यात एकदाच माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही.

लोकांनी आपापले मिक्सर परत नेले. पुढच्या दिवाळीला त्यानं कोयता उचलला.

आणि मी काय केलं? किस्सा केला. हीटर हैदराबादच्या एका बेगमचा, म्हटलं. दुसऱ्या बाईनं हात लावलेला तिला खपत नाही. लय चालला तो किस्सा. शेकोटी पुन्हा भरली. माय लंगडत येऊन माझ्या शेजारी बसते, हसते. हीटर माळ्यावर गेलाय, तरी सकाळी उरलेलं पाणी ती अजून त्या खड्ड्यालाच घालते.

परवा ज्ञानोबाचा ऊसतोडीवरून फोन आला. पाचटाच्या खोपीत वारा घुसायलाय म्हणाला.

"दादा, फोनचा आवाज मोठा केलाय, समदे जमलेत. तेवढा बेगमचा किस्सा सांग. लय काकडायलोत."

मी सांगितला. नेहमीपेक्षा रंगवून सांगितला.