लाल फुलीचे तीन कार्टन

दहा कोंबड्या परातीत होत्या. सहांना दही, हळद आणि आलं-लसूण चोळून झालं होतं, चार अजून पांढऱ्याच होत्या. रिकामा कार्टन घडी करून कचऱ्यात टाकावा म्हणून उचलला, तर त्याच्यावरची खाकी टेप ओलाव्याने सुटली आणि लोंबायला लागली. टेपेखाली लाल मार्करची फुली होती. चांगली तळहाताएवढी.

मी मसाल्याचे हात तसेच धरून उभी राहिले. मग साबणाने दोनदा धुतले.

फुलीचा अर्थ मला ठाऊक होता. सोमवारी जेवताना उल्हासनीच सांगितला होता. (समोर मी यांना नावाने हाक मारत नाही, पण वहीत लिहिते. वहीला राग येत नाही.) रियाधच्या अल सुलै भागातल्या गोदामात दोन नंबरच्या कोल्ड रूमची मोटर रात्रीत बंद पडली आणि सकाळपर्यंत कोंबड्यांचा सगळा लॉट नरम पडला. मुदीर, म्हणजे यांचा मॅनेजर, स्वतः आला आणि म्हणाला, एकही कार्टन ठेवायचा नाही. प्रत्येकावर लाल फुली मारायची, नगरपालिकेच्या गाडीत घालायचा, तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस. उल्हासनी सगळा माल नष्ट झाल्याच्या कागदावर सही केली. "एक पीस राहिला नाही," असं म्हणून त्यांनी आमटी मागितली होती.

बुधवारी त्यांनी तीन कार्टन घरी आणले. म्हणाले, "शुक्रवारच्या कापणीच्या उपासनेसाठी." मी कुठून, कसे, काही विचारलं नाही. माझीही चूक तिथेच.

उल्हास हे राहुरीकडचे. वाडीत सगळ्यांपेक्षा मुंडकंभर उंच. एकोणीस वर्षांपूर्वी रियाधला लोडर म्हणून आले ते एका पत्र्याच्या पेटीनिशी. नऊ वर्षांनी जुना स्टोअर इनचार्ज केरळला परत गेला आणि मुदीरने यांचं नाव घेतलं, तेव्हा हे टिश्यू पेपरच्या खोक्यांमागे जाऊन बसले होते. लोडरांनी हाताला धरून बाहेर काढलं. घरी येऊन मला म्हणाले, "अलका, मला इंग्रजी धड येत नाही, अरबी गोदामापुरती येते. मी कसला इनचार्ज?" मी म्हटलं, ज्या प्रभूने नाव घ्यायला लावलं तो बघून घेईल.

पहिली काही वर्षं प्रत्येक गोष्ट विचारून करायचे. मग सतरा चाव्यांचा जुडगा कमरेला लागला. त्यांच्या चालण्याचा खुळखुळ जिन्यातून ऐकू यायचा, आणि खरं सांगते, मलाही तो आवडायचा. हळूहळू विचारणं कमी झालं. "मुदीरला काय कळतंय, माल मी ओळखतो," हे वाक्य या घरात मी किती वेळा ऐकलं असेल.

गुरुवारी साडेचारला ते आले, तेव्हा परात ओट्यावरच होती आणि कार्टन टेबलावर, फुली वर करून. आमची ज्ञानदा तिथेच बसून शुक्रवारचा धडा तयार करत होती. ती नववीत आहे. उपासनेला चार कुटुंबं आमच्या हॉलमध्ये जमतात, तेव्हा लहान मुलांना गोष्ट सांगायचं काम तिचं. या वेळी तिच्या वाट्याला बायबलमधला शौल राजा आला होता.

"अहो, हे काय आहे?"

"चिकन आहे. तुला दिसत नाही?"

"टेप कोणी लावली?"

त्यांनी बूट काढायला वेळ घेतला. "हे बघ, कडेचे सगळे नरम होते. पॅलेटच्या मधले दगडासारखे कडक होते. गोदामातली पोरंच म्हणाली, उल्हासभाय, एवढं चांगलं फेकायचं का? मी माझ्यासाठी घेतलं का? प्रभूच्या कामाला घेतलं. तुला माहीत आहे आमच्याकडे कसं असतं."

माहीत होतं. यांच्या वाडीत कापणीच्या उपासनेला प्रत्येक घर आपल्यातलं उत्तम घेऊन देवळात, म्हणजे चर्चमध्ये येतं. ज्वारीचं भरलेलं कणीस, सर्वांत मोठा भोपळा, खुराड्यातली सर्वांत धष्टपुष्ट कोंबडी. माझ्या सासूबाई उरलंसुरलं कधी वेदीवर ठेवू देत नसत. तो संस्कार या माणसाच्या हाडात आहे. म्हणून फेकायच्या ढिगाऱ्यातूनही ते देवासाठी उत्तम निवडत बसले. दुसरा कोणी असता तर गपचूप घरी खाल्लं असतं.

ज्ञानदाने पेन खाली ठेवलं. "पप्पा, ये तो सेम टू सेम है."

"काय सेम?"

"किंग शौल. उसको बोला था, एनिमीचं काहीच ठेवायचं नाही, एक जनावरपण नाही. त्याने बेस्ट वाली मेंढरं ठेवली. देवाचा प्रॉफेट शमुवेल आला तर आधी स्वतःच बोलला, मी सगळं सांगितल्यासारखं केलं. शमुवेल म्हणाला, मग मला मेंढरांचा आवाज कसा येतोय? तर म्हणे लोगों ने रखा, और देवाला अर्पण करायला रखा."

त्याच क्षणी आमच्या फ्रीझरची मोटर घरघरायला लागली. उरलेले दोन कार्टन त्यातच होते. मला हसू आलं, ते मी ओठांत दाबलं. यांना नाही आलं.

"आता लेकीकडून शिकायचं मी!"

"तिच्याकडून नको, माझ्याकडून शिका," मी म्हटलं. "आईंनी दिलेली कोंबडी आईंच्या खुराड्यातली होती. हा माल तुमचा नव्हता, आणि जो ठेवू नका म्हटलं होतं तोच होता. एकदा नरम होऊन पुन्हा गोठलेलं मांस मी उपासनेला आलेल्या लेकरांच्या ताटात वाढणार नाही. परात मी बाजूला ठेवलीय."

त्यांनी सुटलेली टेप परत फुलीवर दाबून बघितली, ती चिकटली नाही. मग आवाज खाली आला. "मुदीरला कळलं तर चाव्या जातील, अलका. कदाचित तिकीटच हातात देईल. सही केलीय मी."

"मग सांगा त्याला."

"सांगतो. शुक्रवार होऊन जाऊ दे. चार लोक घरी येणार, त्यांच्यासमोर शोभा नको."

ज्ञानदा धड्यात बघत हळूच म्हणाली, "शौलपण हेच बोलला होता. लोकांच्या समोर माझा मान राख, म्हणून."

उल्हासनी कमरेचा जुडगा काढून टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या फोन लावला. त्यांच्या त्या गोदामापुरत्या अरबीत ते म्हणाले, "मुदीर, सगळं खलास झालं नाही. तीन कार्टन माझ्या घरी आहेत. पोरांचा दोष नाही. मी ठेवले, मीच टेप लावली."

पलीकडून एकच शब्द आला. आण.

मी सहा मसाल्याच्या कोंबड्यासुद्धा पिशवीत भरून दिल्या. यांनी पिशवीकडे बघून विचारलं, "हळदीसकट?"

"तीनशे चाळीस म्हणजे तीनशे चाळीस," मी म्हटलं.

साडेसातला परत आले. जिन्यात खुळखुळ नव्हता, म्हणून बेल वाजेपर्यंत मला कळलंच नाही. मुदीरने कोंबड्या मोजून घेतल्या, हळदीच्यासुद्धा, जुना कागद फाडून नवा करायला लावला, आणि म्हणाला, "मला दुसरीकडून कळलं असतं तर तू आजच्या विमानात असतास. रविवारपासून लोडिंग डॉकवर ये. स्टोअर शादाब बघेल." शादाब म्हसळ्याचा, सहा वर्षं यांच्याच हाताखाली. कामाला चोख आणि चार गोष्टी विचारून करणारा.

शुक्रवारी मी डाळ-भात आणि भोपळ्याची भाजी केली. प्रार्थनेआधी उल्हास उठून उभे राहिले आणि चिकन का नाही ते चारही कुटुंबांना सांगितलं, एकही वाक्य न गाळता. भिकूकाका त्यांच्यात सर्वांत वडील. ते म्हणाले, "उल्हास, भोपळा मोठाच होता ना?" सगळे हसले. यांनीही भाजी दोनदा घेतली. ज्ञानदाने मुलांना शौलाची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. राज्य हातचं जाणार हे कळल्यावर तो किती वर्षं कुढत राहिला, आपल्या जागी येणाऱ्या दाविदावर भाला कसा फेकला, शेवटी रणात कसा पडला. मी ऐकत होते, पण लक्ष यांच्याकडे होतं. माझी खरी भीती चाव्या जाण्याची नव्हती, या भाल्याची होती.

आज, मंगळवारी संध्याकाळी, शादाब दारात उभा. हातात तोच जुडगा. आत यायला कचरत होता.

"उल्हासभाय, तुम्ही नाराज तर नाही ना?"

"आत ये आधी. काय अडलं?"

"चाव्यांवर नंबरच नाहीत. आज तीन नंबरची रूम उघडायला अर्धा तास गेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला."

उल्हास इतके मोठ्याने हसले की ज्ञानदा खोलीतून बाहेर आली. "नंबर कशाला? माझ्या बोटांना माहीत होतं ना सगळं! हीच माझी मिजास." जुडगा हातात घेऊन डोळे मिटले. "ही मागच्या दाराची. ही तीन नंबरची, हिचा एक दात झिजलाय. ही दोनची." दोन नंबरपाशी बोटं जराशी थांबली. मग जुडगा शादाबच्या तळहातावर ठेवला. "चहा पी आणि जा. उद्या डॉकवर जायच्या आधी तुझ्याकडे येतो, सगळ्यांना नावं लावून टाकू."

रविवारपासून जी गोष्ट मी प्रार्थनेत मागत होते ती मला माझ्याच स्वयंपाकघरात मिळाली. मी चहात साखर जरा जास्त घातली.

उद्या पहाटे साडेपाचला उल्हास कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाणसामानाच्या दुकानातून, चिकटपट्टी आणि काळा मार्कर घेणार आहेत, आणि तिथून सरळ अल सुलैला, शादाबच्या सतरा चाव्यांवर नावं लिहायला.