थांब, पुसू नकोस

आमच्या नगरच्या घरात काही सांडलं, की "पुस" म्हणणारी माणसं पुष्कळ होती. "थांब" म्हणणारी एकच होती, ती म्हणजे वन्सं. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, तुमच्या बाबांची आत्या. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात पाहुण्यांची पंगत बसलेली असताना माझ्या हातून कढीचं पातेलं कलंडलं. मी फडक्यासाठी धावले तर मागून आवाज आला, "थांब, पुसू नकोस!" आता बोलणी बसणार, असं मी धरूनच चालले. वन्सं आतून कॅमेरा घेऊन आल्या, दोन पाटांच्या मध्ये उकिडव्या बसल्या, शहाबादी फरशीच्या फटींतून कढी कशी वळत गेली होती ते बराच वेळ पाहिलं, फोटो घेतला आणि म्हणाल्या, "आता पुस. छान सांडलीस हं!" पाहुणे हसले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी मात्र आल्या वाटेनं परत गेलं.

वन्सं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. लग्न केलं नव्हतं. अंगावर सुती पातळ, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत तो जुना कॅमेरा. तो डोळ्याला लावायचा नव्हता. पोटाशी धरून वरून मान वाकवून त्यात बघावं लागे. "पाण्यापुढं मान खाली घालावीच लागते," असं त्या म्हणत. माणसांचे फोटो त्यांना आवडत नसत. "माणूस कॅमेऱ्यापुढं आला की थिजतो. पाण्याला त्याचं काही नसतं." नातेवाइकांचा मात्र याबद्दल राग होता. चुलत दिराच्या लग्नात हौसेनं त्यांच्याकडे फोटोंचं काम दिलं, तर माप ओलांडताना उंबऱ्यात सांडलेल्या तांदळांचा फोटो अप्रतिम आला आणि नवरीची फक्त पावलं आली. नवरीच्या आईनं ते विसरून जायला फार वर्षं घेतली.

त्यांच्या पिशवीत एक पितळी फुलपात्र का असे, याची गोष्ट गमतीची आहे. एकदा शाळेची सहल अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला गेली. सगळ्या शिक्षिका रंधा धबधब्याकडे पाठ करून फोटोसाठी उभ्या राहिल्या. वन्सं त्यांना बाजूला करून धबधब्याचा फोटो घेऊन आल्या. तो सासूबाईंच्या हाती दिला. सासूबाईंनी चष्मा लावून कौतुकानं पाहिला आणि म्हणाल्या, "यंदाच्या रथसप्तमीचं ना गं हे? दूध मेलं कसं छान उतू गेलंय! पण गोवऱ्या दिसत नाहीत ते."

आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. तुमच्यासाठी सांगते, रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून त्यावर मातीच्या बोळक्यात दूध मुद्दाम उतू घालवायचं असतं, आणि वन्सं दरवर्षी त्याचा फोटो घेत. पण त्या हसल्या नाहीत. फोटो हातात घेऊन म्हणाल्या, "आईचं बरोबर आहे. शेजारी ओळखीचं काही नसलं, तर बोळकं काय आणि धबधबा काय, सारखंच." त्या दिवसापासून सासूबाईंच्या रुखवतातलं एक फुलपात्र पिशवीत गेलं. कसल्याही पाण्याचा फोटो असो, कडेला ते फुलपात्र हवंच. "पाण्याला माप हवं," त्या म्हणत. मला व्यवस्थितपणाची सवय, म्हणून प्रत्येक फोटोच्या मागे तारीख आणि ठिकाण पेन्सिलीनं लिहायचं काम मी आपणहून घेतलं. त्यांना ते कधी सुचलं नसतं.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. त्या वर्षी आमच्या घरात काही सांडलंच नाही.

तुमचे आजोबा तेव्हा पाटबंधाऱ्याच्या कामांवर ओव्हरसियर होते. पारनेर तालुक्यातल्या एका गावाशेजारी ते पाझर तलाव बांधून घेत होते. म्हणजे ओढ्याला आडवा मातीचा बांध. पाणी अडावं, मुरावं आणि खालच्या विहिरींना लागावं. अख्खं गाव त्या कामावर होतं. वन्सं एका रविवारी आमच्याबरोबर आल्या. टँकर गळत गळत आला होता आणि धुळीत त्याची एक ओली रेघ उमटली होती. वन्संनी फुलपात्र ठेवलं आणि कॅमेरा काढला. डोक्यावरची पाटी खाली ठेवून कोंडाबाई नावाची एक उंच, काटक बाई तिथं येऊन उभी राहिली.

"काय करताय वो बाई?"

"पाण्याचा फोटो घेतेय."

"फोटूतलं पानी प्यायला येतंय व्हय?"

आजूबाजूच्या बाया फिसकन हसल्या. वन्संनी कॅमेरा मिटला. "नाही येत गं बाई," म्हणाल्या आणि पिशवी माझ्याकडे देऊन कोंडाबाईची पाटी तिच्या डोक्यावर चढवू लागल्या. नंतर कित्येक महिने त्यांनी कॅमेऱ्यात रोळ भरला नाही.

त्र्याहत्तरच्या भादव्यात पाऊस झाला आणि तलावात पाणी साचलं. बांध उभा राहिला खरा, पण त्याच्या खालच्या पायथ्याशी एक झरा दिसू लागला. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपतंच. ते गढूळ होऊ लागलं, वाढू लागलं, की समजायचं, बांध आतून पोखरतोय. आणि बांधाच्या खालीच गाव होतं. आजोबांना दिवसभर झऱ्याशिवाय काही सुचत नसे. वन्संना मात्र झरा म्हणजे पर्वणी. दर रविवारी एस.टी.नं जायच्या, झऱ्यात बुडालेल्या एका काळ्या सपाट दगडावर फुलपात्र ठेवायच्या आणि एक फोटो घ्यायच्या. "तोच तो फोटो किती वेळा?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तोच असेल तर बरंच की!"

एका शनिवारी आजोबा घरी आले ते जेवलेच नाहीत. कोणीतरी वर कळवलं होतं, की झरा वाढतोय. हुकूम सुटला होता की सोमवारी सांडवा खोल खणायचा. सांडवा म्हणजे जादा पाणी निघून जावं म्हणून बांधाच्या कडेला ठेवलेली वाट. ती खणली की अर्धा तलाव ओढ्यातून वाहून जाणार.

"तुम्ही सांगितलं नाहीत, वाढत नाही म्हणून?" मी विचारलं.

"सांगितलं. साहेब म्हणाले, बांधणाऱ्याचे डोळे बांधाच्याच बाजूनं बघतात." आजोबांचा आवाज उतरला होता. "आणि त्यांचंही चूक नाही. खाली गाव आहे. पण दोन वर्षांनी पाणी बघितलंय त्या लोकांनी. आता माझ्या देखत ते सोडून द्यायचं."

वन्संनी हातातला घास तसाच ठेवला. "सुधा, झऱ्याचे फोटो काढ बरं."

मी ते तारखेप्रमाणे मांडले. रविवारी वन्संनी आणखी एक फोटो घेतला, आणि कापड बाजारातल्या स्टुडिओवाल्याच्या मागे लागून संध्याकाळी तो धुवूनही आणला.

सोमवारी आम्ही दोघीही बांधावर गेलो. कुदळी घेतलेली माणसं सांडव्याजवळ बसली होती. साहेबांची जीप आली. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. वन्संनी त्यांच्या परवानगीची वाट न बघता जीपच्या बॉनेटवर फोटो ओळीनं मांडले.

"हे काय आहे?"

"तुमचा झरा. मागे तारखा आहेत. दगड तोच, फुलपात्र तेच. त्याच्या पोटावर कोरलेली रेघ दिसते ना? पाणी कुठं लागलंय बघा."

साहेबांनी चष्मा वर सरकवला. पहिल्या फोटोत पाणी रेघेला टेकलेलं होतं, शेवटच्यातही रेघेलाच. प्रत्येक फोटोत पाण्याखालचे खडे स्पष्ट दिसत होते. त्यांनी फोटो उलटून तारखा वाचल्या, पुन्हा सुलटे केले. मग म्हणाले, "ते भांडं कुठाय?"

त्यांनी स्वतः झऱ्यात उतरून काळ्या दगडावर फुलपात्र ठेवलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत राहिले. पाण्यापुढं मान खाली घालायचं वन्संचंच वाक्य मला आठवलं, पण तेव्हा हसायचं धाडस कुणाला होतं?

"साहेब," कोंडाबाई काठावरून म्हणाली, "गढूळ आलं असतं, तर आमी तरी खाली झोपलो असतो का? पोरंबाळं हायेत आमची बी."

साहेब सरळ उभे राहिले. आजोबांकडे बघून म्हणाले, "थांबू. रोज दोन वेळा बघायचं. जरा जरी गढूळ दिसलं, तर मला विचारायचं नाही, सरळ सांडवा खणायचा."

कुदळी खाली पडल्याचा आवाज मी ऐकला. आजोबा एका दगडावर बसले आणि बसूनच राहिले. कोणीतरी चुलाण पेटवलं. कोंडाबाईनं वन्संच्या पाठीत एक धपका घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "आलं गं बाई, फोटूतलं पानी प्यायला आलं!"

चहा आला. साहेबांनी बशी ओठांना लावली, चटका बसला आणि अर्धा चहा बॉनेटवर सांडला. ते रुमाल काढणार, तोच मी, आजोबा आणि वन्सं एकदम ओरडलो, "थांबा!" साहेब रुमाल हातात धरून तसेच उभे. बॉनेटवरून चहा ओघळत होता, वन्सं कॅमेऱ्यात मान घालून बसल्या होत्या, आणि अख्खं गाव हसत होतं. तो फोटो माझ्याकडे आहे. साहेबांचा फक्त बूट आलाय.

झरा कधी गढूळ झाला नाही. पुढच्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला आणि सांडवा आपला आपण वाहू लागला. वन्संनी त्याच्या कडेला फुलपात्र ठेवलं, मान वाकवली, आणि तेवढ्यात पाण्यानं ते उचलून नेलं. दोन कोलांट्या खाल्लेल्या दिसल्या, मग तेही नाही. "गेलं!" वन्सं म्हणाल्या आणि शाळकरी मुलीसारख्या हसल्या. "जाऊ दे. आता माप कशाला?" घरी मात्र त्यांचा चेहरा बारीक झाला; रुखवतातलं भांडं होतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "पाण्यानं नेलं ना? मग नेऊ दे. आपण वर्षभर त्याच्याकडेच मागत होतो." सकाळी वन्संच्या पिशवीत दुसरं फुलपात्र होतं.

तेच हे, माझ्या टेबलावरचं, ज्यात पेनं का ठेवतेस असं तुम्ही परवा व्हिडिओवर विचारलंत.

त्यात पूर्वी पाणी असे. शेवटच्या दुखण्यात वन्सं त्यातूनच पीत. एका दुपारी ते त्यांच्या हातून कलंडलं आणि पाणी पांढऱ्या चादरीवर सांडून हळूहळू पसरत गेलं. माझा हात सवयीनं फडक्याकडे गेला आणि मधेच थांबला. आम्ही दोघी त्या ओल्या डागाच्या कडा पसरताना बघत राहिलो. खिडकीतलं ऊन त्यावर पडलं होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आता पुस," म्हणाल्या.